आईचे दोन-दोन फोटो

भिलाईत थंडी आली की आधी नाकाला कळते. दिवाळीचे आकाशदिवे उतरवून झालेले असतात, पंखे पुसून बंद केलेले असतात, आणि एका संध्याकाळी स्टील प्लांटचा धूर वर जायचं सोडून खालीच रेंगाळायला लागतो. कोक भट्ट्यांचा तो जळका, किंचित आंबूस वास सेक्टर दोनच्या गल्ल्यांतून, पेरूच्या झाडांतून, कुंपणावर वाळत टाकलेल्या रजयांतून फिरत राहतो. बाहेरून आलेल्या माणसाला त्याने खोकला येतो. आम्हा इथे जन्मलेल्यांना भूक लागते. निदान मला पूर्वी लागायची. गेली आठ वर्षं हिवाळ्यात माहेरी आले आणि तो वास आला, की माझं लक्ष घड्याळाकडे जातं, आणि साडेपाच वाजायच्या आत मी व्हरांड्यातला दिवा लावून टाकते.

या वर्षी नागपूरहून जरा लवकर आले, कारण बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पट्टी सुटल्यावर पहिले दोन दिवस बाबांनी घरभर फिरून फक्त धूळ शोधली. ट्यूबलाइटवरची, फ्रिजमागची, माझ्या चष्म्यावरचीसुद्धा. "एवढ्या कचऱ्यात राहून राह्यलो होतो का मी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे फडकं मागितलं. तिसऱ्या दिवशी ते बैठकीतल्या आईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. पासबुकासाठी काढलेला तिचा अंगठ्याएवढा फोटो होता, तोच आम्ही मोठा करून घेतला होता. मोठा करताना तोंड पसरट झालं आणि भुवया रंगवल्यासारख्या दिसायला लागल्या. तरी आठ वर्षं आम्ही त्याला हार घालत होतो.

"हे तुही आई नोहे," बाबा म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "त्या हिवाळ्यातले फोटो पायजे होते. संक्रांतीचा होता एक. काळ्या साडीतला."

"बाबा, कॅमेऱ्याचे ते कार्डं खराब झाले नं. सांगतलं होतं मी तुमाले," मी म्हटलं.

सांगितलं होतं, हे खरं. पण जे सांगितलं होतं ते धादांत खोटं होतं. त्या हिवाळ्यातले सगळेच्या सगळे फोटो, एकूण एक, शेजारच्या खोलीत माझ्या लॅपटॉपमध्ये होते. बाबांनी ते कधीच बघू नयेत म्हणून मी आठ वर्षं ते नाहीत असं म्हणत आले होते.

बाबा प्लांटच्या प्रयोगशाळेत होते. पोलादाच्या प्रत्येक घाण्यातला एक लहानसा तुकडा त्यांच्याकडे यायचा. तो घासून आरशासारखा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि बारीक भेग, डाग, काही वाकडंतिकडं आहे का ते शोधायचं. तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरातही कुठली वस्तू नुसती आवडली म्हणून पास व्हायची नाही. प्रेशर कुकर घ्यायचा तर दोन कंपन्यांचे दोन कुकर शेजाऱ्यांकडून मागून आणायचे, दोन्हींत एकाच डब्यातली डाळ, एकाच नळाचं पाणी, एकदाच पेटवलेला गॅस. आई म्हणायची, "बरं झालं बाई, माह्या टायमाले दुसरी पोरगी आणली नाई टेस्ट कराले."

ते रिटायर झाले त्या दिवाळीला आमच्या घरी दोन कॅमेरे आले. एक बाबांनी स्वतः हौसेने घेतलेला. हातभर नाही, पण चांगला मूठभर जाड, आणि बटण दाबलं की त्याचं नाक लांबच लांब बाहेर यायचं. त्यातून चंद्रावरचे खड्डे दिसत. दुसरा माझ्या धाकट्या भावाने, प्रशांतने, बंगलोरहून आणलेला. तो शर्टाच्या खिशात मावणारा, नाक बेताचं, दिसायला अगदीच गरीब. दोघांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणायला लागलो. बाबांनी धाकटा हातात घेऊन उलटसुलट केला, दुसऱ्याच्या घरची भाजी चाखतात तसा, आणि "बरा आहे" म्हणाले. तेव्हा प्रशांतने हळूच सांगितलं की हा अंगाने लहान दिसतो, पण आतला सेन्सर तुमच्या त्या मोठ्यापेक्षा चौपट आहे.

"चौपट?" बाबांना ते लागलं. आपण घेतलेली वस्तू पोराच्या वस्तूपुढे उणी पडावी हे लागलं, आणि पोराने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू आपण बाजूला टाकावी हेही त्यांना जमेना. शेवटी त्यांनी निकाल टेस्टवर सोडला. होळीला प्रशांत येईल, तोवर काय ते ठरेल, आणि जो कॅमेरा नापास होईल तो प्रशांत घेऊन जाईल.

सेन्सर म्हणजे काय, हे बाबांनी आईला समजावलेलं मला अजून आठवतं. दोन्ही कॅमेऱ्यांत ठिपके सारखेच, वीस-वीस. (दशलक्षांचा हिशेब त्यांनी आईसाठी सोडून दिला.) "समज, आपल्या या दोन खोल्याच्या क्वार्टरात वीस पाहुणे आले. अन् तिकडे सायेबाच्या बंगल्यात बी वीसच आले. पाहुणे तेवढेच. पण आपल्या इथं एकमेकाले कोपर लागते, कोणी कोणाचं आइकत नाई, नुसता गलका. बंगल्यात जो तो आरामात बसून बोलते, आन् आपल्याले प्रत्येकाचं बोलणं आइकू येते. दिवसा उन्हात दोन्हीकडे जमून जाते. उजेड कमी झाला का मंग फरक कळते."

"म्हंजे मी जिंदगीभर थोरल्यात राह्यली," आई म्हणाली, आणि भाजीचं टोपलं घेऊन आत गेली.

उजेड कमी झाला की फरक कळतो, म्हणून वेळ ठरली साडेपाचची. दिवा न लावता. जागा व्हरांड्याची, डेलियाच्या कुंड्यांसमोर. वेताच्या खुर्चीच्या चार पायांखाली बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटचे चार ठिपके काढले आणि कठड्यावर कॅमेऱ्यासाठी एक रेघ. रोज तीच खुर्ची, तीच वेळ, तेच अंतर, आणि खुर्चीत तेच माणूस. आधी थोरल्याने एक, लगेच धाकट्याने एक. असे आईचे रोज दोन-दोन फोटो.

"मी का तुमच्या लॅबचा नमुना आहो?" आई पहिल्या आठवड्यात कुरकुरली. पण बसायला लागली. मटार सोलायला घ्यायची, नाहीतर हरभऱ्याची कोवळी भाजी निवडायची. गल्लीतून कोण चाललंय ते मान वळवून बघायची आणि फोटो हलायचा. मग बाबा ओरडायचे. हसलेलंही चालायचं नाही, कारण हसताना तोंड हलतं आणि कमी उजेडात कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं राहतं. फोटो झाले की ती उठता उठता विचारायची, "आज पास झाली का मी?" तिला वाटायचं टेस्ट तिचीच चालली आहे. आता मला वाटतं, टेस्ट खरंच तिची असती तर फार बरं झालं असतं.

त्या हिवाळ्यातल्या इतर गोष्टी मी ओढून ओढून आठवते, कारण एरवी नुसता व्हरांडाच आठवत राहतो. प्लांटमध्ये लोखंडावरची वितळलेली मळी ओतली की आभाळाचा एक कोपरा शेंदरी व्हायचा आणि आमच्या भिंतीवर त्याची फिकट झाक यायची. भाजीवाली सकाळी दवात भिजलेल्या जुड्या घेऊन यायची आणि आईशी अर्धं छत्तीसगढीत, अर्धं मराठीत भांडायची. गोंदियाच्या मावशीकडून नवा तांदूळ आला होता. त्याचा पहिला भात चिकट होतो म्हणून आम्ही तो तुपासाखरेशी खाल्ला, आणि आईने घेतला नाही. म्हणाली, पोट जड आहे.

एका रविवारी बाबांनी लांबच्या नजरेची टेस्ट ठेवली. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणी आहेत. तिथला मोठा डंपर दूरच्या चढावरून उतरताना थोरल्यात किती जवळ येतो ते त्यांना बघायचं होतं. मी तेव्हा चार दिवस आले होते. आम्ही टेकाडावर चढलो. सगळीकडे पांढरा भुगा, झाडांची पानंसुद्धा पिठात घोळल्यासारखी. थोरल्याने डंपर असा जवळ ओढला की ड्रायव्हरच्या गळ्यातला मफलर दिसला. बाबा खूश. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आई आमच्याबरोबर नाही. ती अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसली होती. बाबांनी तिथूनच थोरल्याचं नाक लांब करून तिचा फोटो काढला. "पाय, पाय, कानातलं मोजता येते," म्हणून मला दाखवलं. मीही कानातलं बघितलं. खाली उतरल्यावर तिला म्हटलं, "आई, बारीक झाली वं तू. मस्त दिसून राह्यली. मले बी सांग काय केलं ते."

हे मी म्हटलं. हसून म्हटलं. आईने शाल अंगाभोवती ओढून घेतली आणि म्हणाली, "थंडी हाय."

रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही फोटो टीव्हीवर शेजारी शेजारी लावून बघायचे, हा घरातला नेम झाला होता. बाबा ते मोठे, अजून मोठे करत नेत. साडीचा काठ. कुंडीच्या कडेचा चुन्याचा पट्टा. वेताची वीण. थोरला अंधारात गडबडला की स्वतःच फोटो पुसून गुळगुळीत करायचा, सगळ्या बारीक रेषा खाऊन टाकायचा. धाकटा काही पुसत नसे. बाबांना ते मान्य करावं लागत होतं आणि त्यांचं तोंड लहान होत होतं. एकदा आई भाकरीचे हात तसेच घेऊन बाहेर आली, पडद्यावरच्या स्वतःच्या दोन तोंडांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "धाकट्यात मी किती म्हतारी दिसते वो. तुमचा थोरलाच बरा." बाबा खुलले. मीही थोरल्याला मत दिलं. आम्ही तिघंही एका पक्षाचे झालो.

जानेवारीच्या सुरुवातीला बाबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "शुभा, तुह्या आईनं हालणं बंद केलं! आधी पाच फोटोतले तीन हालेले येत. आता एक बी नाई. एकदम शार्प. सवय झाली तिले."

मी "अरे वा" म्हटलं. मला ते दृश्य गोडच वाटलं. माझी बडबडी आई, जिची मान एका जागी राहत नसे, ती नवऱ्याच्या हौसेपायी पुतळ्यासारखी बसायला शिकली. मांडीतले मटार आता नसायचे. ते मुकाट्याने आत सोलले जात असतील, असं मी धरून चालले. ती थकून बसलेली होती आणि आम्ही त्याला सवय म्हणत होतो.

संक्रांतीला तिने काळी साडी नेसली. मी येऊ शकले नव्हते. त्या दिवशी बाबांनी नियम मोडून तिला हसायला सांगितलं, असं ते नंतर म्हणाले. तीच शेवटची जोडी. दुसऱ्या दिवशी आई खुर्चीपर्यंत आली आणि म्हणाली, आज राहू द्या.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, वजन कब से कम हो रहा है? बाबांनी थोडा विचार करून सांगितलं, यही पंद्रह-बीस दिन से. मी शेजारी उभी होते आणि मलाही तेच वाटत होतं. पोटात खोलवर जे होतं ते फार पसरलं होतं. होळीला प्रशांत आला, पण कॅमेरा न्यायला नाही. आई एप्रिलमध्ये गेली, पळस झडून गेल्यावर.

तेरवीनंतर मी दोन्ही कार्डं लॅपटॉपवर उतरवून घेतली. एखादा चांगला फोटो निवडावा, एवढंच मनात होतं. धाकट्याचे फोटो उघडले आणि बाण दाबत गेले. तीच खुर्ची, त्याच कुंड्या, तोच स्वेटर, आणि एकेक दिवस पुढे सरकत जाणारी आई. मी जोरात बाण दाबला तशी ती माझ्या डोळ्यांसमोर ओसरत गेली. मनगटावरच्या बांगड्या वर वर सरकत गेल्या. गालांखाली आधी सावली आली, मग सावलीचा खळगा झाला. स्वेटरचा गळा तिच्या मानेपासून सुटत गेला. दिवाळीनंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात ते स्पष्ट दिसत होतं. पंधरा-वीस दिवस नव्हे, अडीच महिने. एकच जागा, एकच वेळ, एकच अंतर. आजार दिसावा म्हणून कोणी मुद्दाम मांडणी केली असती तर याहून चांगली करता आली नसती. आणि ती मांडणी करणारा माणूस, पोलादातली केसाएवढी भेग शोधणारा, रोज संध्याकाळी साडीचा काठ तपासत होता.

मग मी थोरल्याचे फोटो उघडले. तिथे ती शेवटपर्यंत गुळगुळीत होती. किंचित धूसर, पण भरल्या तोंडाची. थोरल्याने सगळं पुसून टाकलं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट त्याच्याबद्दल माया वाटली, आणि त्या मायेची लाजही वाटली.

लवकर कळलं असतं तर वाचली असती का? मी नागपुरात दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही फारसा फरक पडला नसता असं सांगितलं. पण "फारसा" या शब्दात किती महिने मावतात, हे मला विचारता आलं नाही. बाबांनी विचारू नये म्हणून मी दोन्ही कार्डं खराब झाल्याचं सांगितलं. कॅमेरे दोन्ही कपाटात गेले. निकाल लागलाच नाही.

आणि आता आठ वर्षांनी, नव्या भिंगाच्या डोळ्याने, बाबा तोच फोटो मागत होते. चार दिवस मी टाळलं. ते रोज दोन वेळा, औषधाच्या थेंबांसारखं, विचारत राहिले. पाचव्या दिवशी मी एकटीच पावर हाउसच्या बाजारात फोटोच्या दुकानात गेले आणि संक्रांतीच्या जोडीतला थोरल्याचा फोटो छापून आणला. काळी साडी, हसरं तोंड, गाल नीट. घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, एक सापडला. जुन्या पेन ड्राइव्हमंदी होता."

बाबांनी तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, जमलं.

"हा थोरल्याचा होय," ते म्हणाले. "धाकट्याचा कुठं हाय?"

"तो नाई सापडला."

"मी एक कवाच नाई काढला, शुभा. एक हाय त दुसरा बी हाय." आवाज चढलेला नव्हता. "कावून लपवून राह्यली?"

मी रडायला लागले. बाबांनी मला रडू दिलं, आणि मग लॅपटॉप उघडायला सांगितला.

एकच दाखवीन असं मी ठरवलं होतं. पण बाबांनीच बाण दाबायला शिकून घेतलं आणि मागे मागे गेले, दिवाळीपर्यंत. तिथून पुन्हा पुढे आले. घाईने नाही. एकेक. मी त्यांच्याकडे बघत होते, ते आईकडे बघत होते. संक्रांतीला पोचल्यावर त्यांचा हात खाली आला. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी काढू नका असं डॉक्टरने बजावलं होतं, त्याची मी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. दिली नाही.

"डॉक्टरले मी पंधरा दिवस सांगतलं," ते म्हणाले. पुन्हा थोड्या वेळाने, "पंधरा दिवस सांगतलं मी."

"मी बी होती तिथं, बाबा. मी त तिले मस्त दिसते म्हटलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी. त्या संध्याकाळी मी व्हरांड्यातला दिवा लावायला विसरले, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

सकाळी बाबा काळा चष्मा लावून तयार होते. आम्ही ऑटोने पावर हाउसला गेलो. स्टेशनकडच्या रस्त्यावर गर्दी होती, मी त्यांचा दंड धरला होता. दुकानदाराने मला ओळखलं. कल ही तो छापा था, म्हणाला. मी दुसरा फोटो दिला. त्याने तो स्क्रीनवर उघडला, जवळ घेतला, आणि चांगल्या मनाचा माणूस होता म्हणून म्हणाला, "दादाजी, गाल थोड़े भर दूँ? आँखों के नीचे का कालापन भी निकल जाएगा. माताजी बीमार लग रही हैं."

मी काही बोलायच्या आत बाबांनी काळा चष्मा काढला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"बीमार ही थी," ते म्हणाले. "रोज सामने बैठती थी, हमने देखा नहीं. बड़ा करके छापो."